ओढणं वेगळं, पेलणं वेगळं

आमच्या कंपनीच्या गेटमधून नवाकोरा पिकअप आत आला की सेल्सच्या लोकांचे चेहरे उजळायचे आणि माझा पडायचा, कारण पुढचं मला पाठ होतं. गिऱ्हाईक ऐटीत खाली उतरणार, कुणीतरी त्याला गावा, म्हणजे अरबी कॉफी, विचारणार, आणि तेवढ्यात रुखसाना मुकादम आतून येऊन, त्याच्याकडे न बघता, त्याच्या गाडीचं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून खाली उकिडव्या बसणार. दाराच्या चौकटीवर एक छोटंसं स्टिकर असतं. ही गाडी स्वतःच्या अंगावर किती वजन घेऊ शकते, ते त्यावर छापलेलं असतं. चष्मा कपाळावर सरकवून त्या ते वाचणार, उठणार, सलवारीवरची धूळ झटकणार, मग कुठे त्या माणसाला सलाम करणार आणि म्हणणार, "ला."

ला म्हणजे अरबीत नाही. ऑफिसातली पोरं पाठीमागे त्यांना 'ला-ला मॅडम' म्हणायची. त्यांना ते माहीत होतं. "बरं आहे की," त्या म्हणायच्या, "नावातच उत्तर आहे. निदान विचारायला तरी येणार नाहीत." पण लोक यायचे. रोज यायचे. आणि रोज त्याच प्रश्नाला तेच उत्तर देऊन त्यांचा घसा कोरडा पडायचा.

आमची कंपनी शारजाच्या हमरिया फ्री झोनमध्ये. आम्ही कॅराव्हॅन बनवायचो, म्हणजे चाकांवरची घरं. साधी कॅराव्हॅन गाडीच्या मागे हुकाला अडकवतात. पण आमचा मोठा माल म्हणजे फिफ्थ-व्हील. तिची लांब मान पुढे येऊन पिकअपच्या हौद्यात, मागच्या चाकांच्या बरोबर वर टेकते. त्यामुळे ती रस्त्यावर जास्त स्थिर चालते आणि आत घरही प्रशस्त होतं, दोन-दोन बेडरूमचं. फक्त एक गोष्ट अशी की तिच्या एकूण वजनाचा पाचवा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, पिकअपच्या पाठीवर बसतो. कुठल्या पिकअपला कुठली फिफ्थ-व्हील द्यायची आणि कुठली नाही, हे ठरवणं रुखसानाआपांचं काम. मी सेल्स कोऑर्डिनेटर. मी मेहनत करून कोटेशन बनवायचे, गिऱ्हाइकाच्या बायकोच्या पसंतीच्या पडद्यांच्या रंगापर्यंत सगळं ठरवायचे, आणि आपा दारापाशी उकिडव्या बसून ते एका अक्षरात संपवायच्या.

"आपा, थोडं गोड बोलून सांगत जा ना," मी म्हणायचे.

"वजन गोड करता येतं का गो? मग?"

त्या दापोलीजवळच्या एका खाडीकाठच्या गावच्या. वडिलांनी त्यांना रत्नागिरीला इंजिनिअरिंगला घातलं. वर्गात त्या एकट्याच मुलगी होत्या, पण याचं कौतुक कुणी करायला गेलं की म्हणायच्या, "वर्गात पंखाही एकच होता. त्याचं कुणी काही बोलत नाही." लग्न होऊन इकडे आल्या. नवरा नझीरभाई जहाज दुरुस्तीच्या यार्डात फोरमन. घर शारजात. मी राहायचे दुबईत, अल बर्शाला, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला म्हटलं तरी चालेल. रोज मेट्रो पकडायची, युनियनला बदलायची, हिरव्या लाइनच्या शेवटच्या स्टेशनवर उतरायचं, तिथे आपांची गाडी उभी. त्या वेगमर्यादेच्या काट्यावर गाडी चालवायच्या. मागून लोक दिवे मारायचे, हॉर्न द्यायचे, शेजारून जाताना हातवारे करायचे. आपा आरशात बघून शांतपणे म्हणायच्या, "जा बाबा, तुला घाई आहे, मला हमरिया आहे."

धार्मिक होत्या. नमाज कधी चुकवायच्या नाहीत, तोंडात अल्लाहचं नाव सतत. पण वजनाच्या बाबतीत कुणी 'इन्शाल्ला' म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. "अल्लाहनं अक्कल दिली ती आधी वापरायची," त्या म्हणायच्या, "मग इन्शाल्ला म्हणायचं. हे लोक उलटं करतात." आमचे मॅनेजर फादी यांच्याशी तर हे भांडण कायमचं. फादी वाईट माणूस नव्हता. त्याला महिन्याचं टार्गेट होतं, एवढंच. तो हिंदीत समजवायचा, "मॅडम, कस्टमर को ना नहीं बोलने का. बोलो देखेंगे." आपा म्हणायच्या, "देखा मैंने. दरवाजे पे लिखा है. आप भी देखो." फादी कधी उकिडवा बसून बघायचा नाही. त्याच्या पँटची इस्त्री मोडली असती.

एकदा शुक्रवारी मी आपांना आणि नझीरभाईंना आमच्याकडे जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर जवळच्या मॉलमध्ये किराणा घ्यायला सगळेच निघालो. माझा नवरा विनय याला गाड्यांचं भारी वेड. पार्किंगमध्ये त्यानं आपांना छेडलं, "पण आपा, गाडीची कंपनी स्वतः जाहिरातीत म्हणते, पाच टन ओढेल. मग तुम्ही नाही म्हणणाऱ्या कोण?"

आपा थांबल्या. रिकामी ट्रॉली ओढून माझ्या मुलीला, सईला म्हणाल्या, "बस यात."

"आंटी, आय ॲम टेन," सई म्हणाली.

"बस गो. शास्त्राचं काम आहे."

सई बसली. आपांनी विनयला ती ट्रॉली ओढायला लावली. तो हसत हसत खांबापर्यंत गेला आणि परत आला. "आता हिला खांद्यावर घ्या," आपा म्हणाल्या, "आणि याच चालीनं तिथपर्यंत जाऊन या. वळायचंही त्याच चालीनं." विनय मागे हटणाऱ्यातला नाही. घेतलं तिला खांद्यावर. पहिल्या चार पावलांत ऐट होती, मग मान पुढे आली, वळताना तर तो एका गाडीवर रेलला. सई वरून ओरडत होती, "बाबा, पीपल आर लुकिंग!" परत आला तेव्हा कानापर्यंत लाल झाला होता.

"ओढणं वेगळं, पेलणं वेगळं," आपा म्हणाल्या. "जाहिरातीत ओढायचा आकडा असतो, मोठ्या अक्षरात. दारावर पेलायचा असतो, बारीक अक्षरात. फिफ्थ-व्हील पाठीवर बसते, तिला दुसरा आकडा लागतो. आणि त्यातूनही ड्रायव्हर, त्याची बायको, पोरं, बर्फाची पेटी, मान अडकवायला हौद्यात बसवलेला लोखंडी हिच, हे सगळं आधी वजा. उरलं तर मान टेकवा."

नझीरभाई मागे उभे राहून पोट धरून हसत होते. "लग्नात मी हिला उचलायला गेलो नाही," ते म्हणाले, "म्हणून आज उभा आहे."

हे सगळं समोरच्याला पटायचं. विनयला पटलं, मला पटलं. पण ज्यानं पिकअप घेऊन टाकलाय आणि ज्याच्या पोरांना मोठी कॅराव्हॅन दाखवून झालीय, त्याला पटायचं नाही. असे प्रधान आले.

प्रधान अबू धाबीजवळच्या खलिफा सिटीत राहायचे. एसीच्या डक्टचा धंदा, स्वतःचा व्हिला, दोन मुलं, बोलका माणूस. त्यांना आमची सगळ्यांत मोठी फिफ्थ-व्हील हवी होती. पिकअप त्यांनी आदल्याच महिन्यात घेतला होता, लालचुटूक, दिसायला दांडगा, पण हलक्या वर्गातला. आपांनी दार उघडलं, बसल्या, वाचलं, उठल्या. "ला."

"मॅडम, जरा नीट बघा ना."

"नीटच बघितलं. सामान भरल्यावर हिची मान तुमच्या गाडीवर जेवढं टेकवेल, त्याच्या निम्मंसुद्धा तुमची गाडी घेत नाही. एकतर छोटी कॅराव्हॅन घ्या, नाहीतर मागे जोडटायर असलेला मोठा पिकअप घ्या."

"अहो, व्हिडिओत लोक ओढतात याच गाडीनं."

"व्हिडिओत उतार दाखवतात का? आडवा वारा दाखवतात? ब्रेक मारल्यावर काय होतं ते?"

प्रधानांनी मराठी काढली. म्हणजे बोलणं मराठीतच चाललं होतं, पण आता त्यांनी मुद्दाम काढली. "मॅडम, आपण मराठी माणसं. परक्या मुलखात एकमेकांना सांभाळून घ्यायचं. काहीतरी ॲडजस्ट करा."

"सांभाळूनच घेतेय," आपा म्हणाल्या. "वजन मराठी नाहीये, साहेब."

ते फादीकडे गेले. फादीनं 'गिऱ्हाइकाची स्वतःची जबाबदारी' असं लिहिलेल्या कागदावर त्यांची सही घेतली आणि म्हणाला, "खलास." आपांनी त्यावर सही करायचं नाकारलं, पण कुणी त्यांची मागितलीही नव्हती. मग त्यांनी एक गोष्ट केली, जी करायला नको होती. फाइलमधून नंबर घेऊन त्यांनी प्रधानांच्या बायकोला, स्नेहलला फोन केला. मी शेजारीच बसले होते. "मागच्या सीटवर मुलं तुमची बसणार," त्या म्हणाल्या, "म्हणून तुम्हाला सांगते."

तासाभरात प्रधानांचा फोन. घरच्यांना घाबरवता म्हणजे काय, ही कसली कंपनी, वगैरे. फादीनं आपांना केबिनमध्ये घेतलं. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात वॉर्निंगचं पत्र होतं. पुढच्या आठवड्यात कॅराव्हॅन गेली. तिची मान हौद्यात टेकली तसा लाल पिकअप मागे खचला आणि त्याचं नाक वर आलं. दिवे रस्त्यावर पडायच्या ऐवजी समोरच्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर पडले. आपा यार्डाच्या भिंतीशी उभ्या राहून बघत होत्या. गाडी गेटबाहेर गेली तरी त्या तिथेच.

आणि काही झालं नाही.

हेच मला नीट सांगायचं आहे, कारण आपांच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा वैताग हाच होता. काही झालं नाही. प्रधान हत्ताला गेले, लिवाला गेले, फुजैराला गेले. दर सहलीनंतर ते आमच्या कंपनीला फोटो पाठवायचे: वाळूत उभी कॅराव्हॅन, पुढे शेगडी, मुलं, लाल पिकअप, आणि खाली 'नो प्रॉब्लेम ॲट ऑल!' फादीनं ते रिसेप्शनच्या मोठ्या स्क्रीनवर लावले. सेल्सची पोरं येता-जाता म्हणायची, "मॅडम, प्रधानसाब अभी तक जिंदा है." आपांना रोज त्या स्क्रीनसमोरून आत जावं लागायचं. आणि नवीन येणारं प्रत्येक गिऱ्हाईक तिकडे बोट दाखवून विचारायचं, "याचं चालतं, मग माझं का नाही?"

एका संध्याकाळी परतताना त्यांनी अचानक गाडी कडेला घेतली. मला वाटलं, काही बिघडलं.

"मेधा, मला एक सांग. मी काय अपघाताची वाट बघतेय?"

"नाही हो आपा."

"मग? त्या पोरांना काही होऊ नये म्हणून मी रोज दुआ करते. खरंच करते. आणि काही होत नाही, म्हणून मी खोटी. काही झालं असतं तर मी खरी. असलं कसलं काम आहे गो माझं? बरोबर ठरायला कुणाचं तरी वाटोळं व्हायला लागतं!" त्यांनी स्टिअरिंगवर हात आपटला, हॉर्न वाजला, आणि त्या स्वतःच दचकल्या. मग इंडिकेटर देऊन त्यांनी गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

याच हिवाळ्यात नझीरभाईंनी फिफ्थ-व्हील आणली.

नझीरभाईंची नोकरी संपत आली होती. मार्चमध्ये दोघांनी गावी परतायचं ठरलं होतं. या माणसाचं सगळं आयुष्य जहाजांच्या पोटात गेलेलं, गंज, ग्रीस आणि वेल्डिंगचा धूर यांच्यात. इतकी वर्षं या देशात राहून त्यांनी वाळवंट पाहिलं होतं ते हायवेवरून. त्यांच्या यार्डातला एक साहेब देश सोडून चालला होता. त्याची जुनी, मधल्या आकाराची फिफ्थ-व्हील त्यानं जवळपास देऊनच टाकली. नझीरभाईंनी ती ट्रेलरवाल्याकडून आमच्या यार्डात आणून उभी केली आणि लहान मुलासारखे तिच्या भोवती फिरले. आत गादी होती, शेगडी होती, छोटा संडास होता. "रुखसाना," ते म्हणाले, "जायच्या आधी तुला वाळूत नेऊन चहा पाजतो."

त्यांच्याकडे पिकअप होता. प्रधानांचाच वर्ग, फक्त पांढरा.

आपांनी दार उघडलंच नाही. स्वतःच्या गाडीचं स्टिकर त्यांना तोंडपाठ होतं. त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "नझीर, नाही होणार."

"बघू तरी."

"बघितलं."

"तुझ्याच कंपनीचा तो प्रधान याहून मोठी ओढतो. तुमच्या भिंतीवर फोटो आहेत!"

मी तिथून सटकायचा प्रयत्न केला, पण आपांनी मला खुणेनं थांबवलं, साक्षीला असल्यासारखं. मग त्यांनी हार न मानता हिशेब मांडायला घेतला, कारण या वेळी त्यांनाही ते जमायला हवं होतं. पाण्याची टाकी रिकामी ठेवायची. जनरेटर काढायचा. बाहेरचा मोठा मांडव काढायचा. दुसरी गादी काढायची. नझीरभाई खुशीनं एकेक वस्तू उतरवत गेले. मग फ्री झोनच्या वजनकाट्यावर नेऊन तिचं वजन केलं, मानेचं वेगळं केलं. आपा परत आल्या, यार्डातल्या ड्रमवर बसल्या आणि म्हणाल्या, "तरी जास्त होतंय. दोन माणसांएवढं."

नझीरभाईंनी थोडा विचार केला. "म्हणजे तू आणि मी उतरलो की झालं?"

मला हसू आलं. आपांना आलं नाही.

मग सुरू झाला मोठा पिकअप शोधायचा खटाटोप. भाड्यानं देणारे म्हणाले, हौद्यात हिच बसवायला भोकं पाडू देणार नाही. कंपनीच्या डिलिव्हरीच्या ट्रकसाठी आपांनी फादीकडे शब्द टाकला. तो म्हणाला, "हबीबती, इन्शुरन्स नहीं है," आणि या एका बाबतीत त्याचं बरोबर होतं, म्हणून त्यांना भांडताही येईना. अजमानच्या एका ओळखीच्या माणसाचा दणकट पिकअप मिळाला, वजनात बसत होता, पण त्याचा हौदा आखूड. वळताना कॅराव्हॅनचं नाक केबिनच्या मागच्या काचेला भिडलं असतं. आणखी एकाचा हौदा लांब निघाला, तर त्यात ट्रेलरच्या ब्रेकची वायरिंगच नव्हती. "गाडीला स्थळ शोधणं मुलीपेक्षा कठीण आहे," नझीरभाई पहिल्यांदा म्हणाले तेव्हा विनोद होता. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा नव्हता.

डिसेंबर गेला. जानेवारी गेला. हवा सुंदर होती, लोक वाळूत शेगड्या पेटवत होते, आणि नझीरभाईंची कॅराव्हॅन आमच्या यार्डात धूळ खात होती. ते सुटीच्या दिवशी येऊन तिच्या पायरीवर बसायचे. घरात बोलणं कमी झालं होतं. अबू धाबीला नोकरी करणारा मुलगा आदिल आईला फोनवर सांगायचा, "अम्मी, जस्ट वन ट्रिप. अब्बू विल ड्राइव्ह स्लो." आपा गाडीत मला हे सांगायच्या आणि म्हणायच्या, "हळू चालवल्यानं वजन कमी होतं का? आणि घरातल्या माणसाला हो म्हटलं, तर उद्या कुठल्या तोंडानं परक्याला नाही म्हणू?" पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. एकदा तर म्हणाल्या, "कोण जाणे, मीच जास्त करते की काय. प्रधान फिरतोच आहे."

फेब्रुवारीत प्रधान कंपनीत आले. बरोबर स्नेहल होती. कॅराव्हॅनच्या खिडकीचं काहीतरी दुरुस्तीचं काम होतं. मी बाहेर बघितलं तर लाल पिकअप नव्हता. काळा, भलामोठा, मागे जोडटायरवाला उभा होता.

"नवा घेतला?" मी विचारलं.

"हो, असंच," प्रधान म्हणाले आणि खिडकीविषयी बोलू लागले.

आपा नेमक्या तेव्हा बाहेर आल्या. त्यांनी टायर बघितले, मग प्रधानांकडे बघितलं. स्नेहलच म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला फोन केला होता. मी तेव्हा नीट बोलले नाही तुमच्याशी." प्रधान म्हणाले, "स्नेहल, जाऊ दे ना." पण ती थांबली नाही. फुजैराहून परत येताना डोंगराच्या उतारावर बाजूनं वारा सुटला. कॅराव्हॅन मागून ढकलू लागली. पुढची चाकं हलकी झाली, स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी वळेना. शेजारून मोठा ट्रक गेला त्याच्या झोताबरोबर सगळंच डावीकडून उजवीकडे झुलू लागलं. मुलं किंचाळत होती. कसंबसं उतार संपल्यावर गाडी थांबली. प्रधान खाली उतरून रस्त्याच्या कडेला बसले ते कितीतरी वेळ उठलेच नाहीत. मग कुणालातरी पैसे देऊन कॅराव्हॅन घरी आणवली.

"कधी?" आपांनी विचारलं.

"डिसेंबरच्या सुरुवातीला."

आपांनी मागे वळून स्क्रीनकडे बोट केलं. लाल टी-शर्ट घातलेला मुलगा, मागे डोंगर, खाली 'नो प्रॉब्लेम ॲट ऑल!' "हा फुजैराचा ना?"

स्नेहल म्हणाली, "त्याच दिवशी सकाळचा आहे. पाठवला नंतर."

मला वाटलं, आता आपांना बरं वाटेल. वर्षभर ज्याची टिंगल सोसली त्याचं उत्तर समोर उभं होतं, जिवंत, धडधाकट, कुणाचं वाटोळं न होता. पण आपांचा चेहरा असा तापला की मी तो तसा कधीच पाहिला नव्हता.

"नंतर पाठवलात? हे सगळं झाल्यावर?" त्यांचा आवाज सगळ्या हॉलमध्ये गेला. सेल्सची पोरं उठून उभी राहिली. "तुम्ही घाबरलात, त्यात लाज कसली? मीही घाबरले असते. पण एक फोन करायचा! तो फोटो बघून इथं किती जणांनी गाड्या नेल्या असतील, माहीत आहे? तो फोटो दाखवून माझा नवरा दोन महिने माझ्याशी भांडतोय! मला स्वतःला वाटायला लागलं होतं की माझंच चुकतंय!"

फादी केबिनमधून धावत आला. "मॅडम, प्लीज, यल्ला, अंदर आओ."

"नहीं आती. पहले वो फोटो निकालो."

फादीनं प्रधानांकडे बघितलं. प्रधानांनी मान खाली घालूनच हलवली. फोटो निघाले. स्क्रीनवर नुसतं कंपनीचं नाव राहिलं.

प्रधान बराच वेळ यार्डात एकटे उभे होते. मग त्यांना ती धुळीनं भरलेली कॅराव्हॅन दिसली. कुणाची आहे, का उभी आहे, ते त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं आणि आपांपाशी जाऊन म्हणाले, "मॅडम, माझी ही गाडी चालेल का बघा. मी नेऊन सोडतो तुम्हाला. माफी वगैरे मला नीट मागता येत नाही."

आपा काळ्या पिकअपचं दार उघडून खाली बसल्या. उठल्या त्या टेप घेऊन हौदा मोजायला.

तरी वैताग संपला नव्हताच. नझीरभाई अडून बसले. "दुसऱ्याच्या गाडीत पाहुण्यासारखं बसून जाऊ? मग मजा काय?" त्यांना स्वतः चालवायचं होतं. प्रधान म्हणाले, चालवा की. आपा म्हणाल्या, "ला. इन्शुरन्स यांच्या नावावर आहे." नझीरभाई पाय आपटत कॅराव्हॅनमध्ये जाऊन बसले. आपा बाहेर उभ्या राहून दाराशी बोलत होत्या. मला शब्द ऐकू आले नाहीत, फक्त शेवटी नझीरभाईंचा आवाज आला, "म्हणजे तुझंच खरं होतं."

"मला ते नको होतं," आपा म्हणाल्या. "मला चहा हवा होता."

शेवटी मार्चमधल्या एका शुक्रवारी दोघं प्रधानांच्या गाडीतून निघाले. उम्म अल कुवैनच्या बाजूला, तंबू ठोकायला परवानगी आहे अशा ठिकाणी. सोमवारचं त्यांचं विमान होतं, घर रिकामं झालं होतं, आपांचा नोटीस पिरियड संपला होता. एअरपोर्टला मला जाता आलं नाही, सईची परीक्षा होती. त्यांच्या जागी कंपनीनं एका तरुण इंजिनिअरला घेतलं. तो नम्र आहे, गिऱ्हाइकाला आधी कॉफी विचारतो, आणि फादी सांगेल तिथे सही करतो. फोटो पुन्हा लागले आहेत, दुसऱ्या कुणाचे. मी आता कोटेशन पाठवायच्या आधी गिऱ्हाइकाला दाराच्या स्टिकरचा फोटो मागते. निम्मे लोक पाठवत नाहीत, उरलेले म्हणतात, तुम्हाला काय करायचंय. मला हे पटवून देता येत नाही. आपांनाही कुठे येत होतं?

एअरपोर्टला जाणं झालं नाही, म्हणून मी आपांना शेवटचं पाहिलं ते विमानाच्या आधीच्या त्या शनिवारी. आम्ही तिघं डबे घेऊन दुपारी तिकडे गेलो होतो. कॅराव्हॅन वाळूत सपाट, अगदी पाणसळीत उभी. रात्रभर वारा होता, सगळ्या भातात वाळू गेली होती, गॅस लागत नव्हता, आणि कॅराव्हॅन न्यायला चारला येणाऱ्या प्रधानांचा फोन लागत नव्हता. आपा कमरेला ओढणी खोचून येरझाऱ्या घालत होत्या. नझीरभाई पायरीवर बसून खारे शेंगदाणे सोलत म्हणत होते, "नाही आला तर राहू अजून एक रात्र. घाई कुणाला आहे?"

"सोमवारी विमान आहे, घाई कुणाला!"

ऊन उतरायला लागलं तेव्हा आम्ही निघालो. टेकाडावरून मागे वळून बघितलं. नझीरभाईंनी सरकून पायरीवर जागा केली होती. आपा काहीतरी जोरजोरात सांगत, हातवारे करत तिथे येऊन बसल्या, आणि बोलणं न थांबवता त्यांनी नझीरभाईंपुढे हात पसरला, सोललेल्या शेंगदाण्यांसाठी.